आईचं बीपी वयाचं, माझं वजनाचं?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, मी बेळगावच्या शहापुरात राहते. वय 51. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. वजन 82 किलो. दीड वर्षापूर्वी पाळी गेली. मागच्या महिन्यात बीपी 148/94 निघालं, गोळी सुरू झाली. त्याच दिवशी आईचंही बघून घेतलं. आई 74 वर्षांची, निपाणीजवळच्या गावची, जन्मभर विड्या वळल्या, अंगानं एकदम काडी. तिचं 168/70. आम्हा दोघींनाही डॉक्टर कन्नडातून एकच सांगितले, ‘रक्तनाळ गट्टी आग्याव,’ म्हणजे रक्तवाहिन्या कडक झाल्यात. आईच्या अंगावर चरबीच नाही, मग तिच्या शिरा कशानं कडक झाल्या? आणि माझ्या शिरांत चरबी साचली असेल तर ती निघते का? आई म्हणते, ‘वय झालं की हे होणारच की, गोळ्या कशाला खाऊलालीस?’ खालचं 70 आहे, चांगलं आहे म्हणून तिनं स्वतःची गोळी बंदच केलीय. मिस्टर बारीक आहेत, नुसतं पोट सुटलंय. ते म्हणतात, मला काही होत नाही. मी काय करू?

उत्तर:

ताई,

आधी आईंच्या गोळीचं बोलू. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांच्याकडे याच आठवड्यात आईंना घेऊन जा आणि गोळी बंद केल्याचं स्पष्ट सांगा. खालचा आकडा कमी म्हणजे बीपी चांगलं, हा समज मला दवाखान्यात वरचेवर भेटतो आणि दर वेळी माझ्या काळजात धस्स होतं. वरचा 168 आणि खालचा 70, म्हणजे दोघांत 98 चं अंतर. ते साधारण 40 च्या आसपास असायला हवं. आईंचा खालचा आकडा उतरला तो तब्येत सुधारली म्हणून नाही. रक्तवाहिनीत लवचिकपणा उरला नाही म्हणून उतरला. हे कसं होतं ते तुमच्याच कामातल्या वस्तूवरून सांगते.

इलॅस्टिकचा एक तुकडा घ्या आणि त्याचं टोक उसवून बघा. आत रबराचे बारीक दोरे आणि त्यांच्याभोवती सुताची वीण. ताण दिला की रबर लांबतं, सोडलं की तेच पुन्हा ओढून घेतं. सूत फक्त हद्द सांभाळतं, याच्या पुढे ताणू नका म्हणून. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत असंच दोन धाग्यांचं काम आहे. रबराच्या जागी इलॅस्टिन, सुताच्या जागी कोलॅजेन. (आपण सगळ्यांनाच शिरा म्हणतो, पण हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या धमन्या. बीपी मोजतो ते धमन्यांतलं.)

यातलं इलॅस्टिन आपल्याला बहुतेक एकदाच मिळतं. आईच्या पोटात असताना आणि लहानपणीच्या वर्षांत ते भिंतीत विणलं जातं. त्यानंतर शरीर नवं, नीट विणलेलं इलॅस्टिन जवळजवळ तयारच करत नाही. हृदय दिवसाला साधारण 1 लाख वेळा आकुंचन पावतं, आणि तेवढ्याच वेळा महाधमनी ताणते आणि सैल पडते. आईंच्या 74 वर्षांत हा हिशेब 270 कोटींच्या घरात जातो. इतक्या ताणांनंतर ते धागे जागोजागी तुटतात, विरतात. रिकाम्या जागी कोलॅजेन भरतं, काही ठिकाणी कॅल्शियम बसतं. पुष्कळदा धुतलेल्या परकराचं इलॅस्टिक कसं लांबटलेलंही असतं आणि ओढल्यावर ताणतही नाही, तशी म्हातारपणी महाधमनी थोडी रुंदही होते आणि ताठही होते. यासाठी अंगावर चरबी असावी लागत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता आकड्यांकडे या. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. महाधमनी तरुण असेल तर ती फुगते, त्यातलं काही रक्त क्षणभर पोटात धरते, आणि हृदय विसावा घेत असताना हळूच पुढे ढकलते. त्यामुळे वरचा आकडा फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. ताठ महाधमनी फुगतच नाही. सगळा धक्का तसाच पुढे जातो, म्हणून वरचा आकडा 168. मागे धरून ठेवलेलं काही नसतं, म्हणून खालचा 70. शिवाय नाडीची लाट कडक भिंतीतून जास्त वेगानं धावते. तरुणपणी सेकंदाला 5-6 मीटर, ताठरल्यावर 10 मीटरच्या पुढे. ही लाट पुढच्या फाट्यांवर आपटून परत येते, आणि वेग वाढल्यामुळे हृदय अजून जोर लावत असतानाच परत येऊन थडकते. हृदयाला स्वतःचाच धक्का पुन्हा सोसावा लागतो.

यात दोन ठिकाणी नुकसान होतं. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त भरतं ते मुख्यतः हृदय विसावत असताना, म्हणजे खालच्या आकड्याच्या जोरावर. तो पडला की काम जास्त आणि पुरवठा कमी. दुसरं ठिकाण मेंदू आणि मूत्रपिंडं. तिथल्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोहोचेतो धक्का मवाळ व्हायला हवा, तो होत नाही. अर्धांगाचा झटका येतो त्यातले कितीतरी इथूनच येतात.

‘वय झालं की होणारच’ हे आईंचं म्हणणं मी नीट ऐकून घेते, कारण त्यात निम्मं खरं आहे. धागे झिजतात, ते थांबवणारं औषध नाही. पण बीपी इतकं चढलंच पाहिजे असा काही नियम नाही. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या जंगलात राहणारे यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या अनेक देशांतल्या पाहणीत त्यांचं बीपी वयाबरोबर वाढत नसल्याचं दिसलं. आणि चढल्यावर गोळी घेऊन उपयोग काय, या प्रश्नाचंही उत्तर मिळालेलं आहे. 1991 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात साठीच्या पुढची 4,736 माणसं होती, सगळ्यांचं वरचं 160 किंवा जास्त आणि खालचं 90 च्या खाली. म्हणजे थेट आईंच्याच जातीचं बीपी. ज्यांना गोळ्या दिल्या त्यांच्यात अर्धांगाचे झटके 36 टक्क्यांनी कमी झाले. हे आईंना वाचून दाखवा. विड्या वळून ज्यांनी घर चालवलं, त्यांना शेवटच्या वर्षांत स्वतःच्या हातानं भाकरी मोडता यावी, एवढ्यासाठी ती गोळी आहे.

आणखी एक. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण निपाणी भागात जन्म काढलेल्या बाईला मी नेहमी विचारते: मिश्री लावता का? आई लावत असतील तर त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, धमन्या आवळतं आणि नाडी वाढवतं. हे रागावून सुटत नाही. दिवसातून चार वेळा असेल तर दोनवर आणू म्हणा, मग एकवर.

आता तुमचं. 148 आणि 94, दोन्ही आकडे चढलेले. डॉक्टरांनी शब्द एकच वापरला तरी तुमच्या वाहिन्यांत चाललंय ते पुष्कळसं वेगळं आहे.

चरबी साचून वाहिनी तुंबते, हे चित्र सगळ्यांच्या मनात असतं. मोरीच्या पाइपात खरकटं अडकावं तसं. कोलेस्टेरॉलचे थर भिंतीच्या आत साठतात हे खरं, आणि तो त्रास वर्षानुवर्षं वाढत जातो. पण तुमच्या अंगावरची चरबी ही त्या थरांसारखी आत जाऊन बसलेली नाही, आणि आज तुमचं बीपी वाढलंय ते मुख्यतः तुंबल्यामुळे नाही. धमनी म्हणजे निर्जीव पाइप नव्हे. तिला आतून एक अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. ब्लाऊजचं अस्तर आखडलं की वरचं कापड कितीही चांगलं असो, बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. धमनीचंही तसंच आहे.

या अस्तराचं महत्त्व कळलं तेही गमतीनंच. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन संशोधकानं सशाच्या महाधमनीचे तुकडे तपासले. एकच औषध टाकलं, तर काही तुकडे सैल पडत आणि काही पडत नसत. शोधता शोधता कळलं की जे पडत नव्हते, त्यांचं आतलं अस्तर हाताळताना घासलं गेलं होतं. अस्तरातून काहीतरी निघतं आणि ते धमनीच्या भिंतीतल्या स्नायूला ‘सैल हो’ असं सांगतं. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला, आणि 1998 साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना त्याबद्दल नोबेल मिळालं.

लठ्ठपणात हाच निरोप पोचेनासा होतो. पोटातली चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तूप नाही. ती सतत रसायनं सोडणारी ग्रंथी आहे. ती फुगली की तिच्यात सूज येते, आणि ही बारीक, न दुखणारी सूज रक्तातून सगळीकडे पसरते. अस्तराच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो, आणि जो होतो तोही वाटेतच नासतो. इन्सुलिन एरवी अस्तराला ‘वाहिनी सैल कर’ असं सांगतं. वजन वाढून शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की हे सांगणं ऐकलं जात नाही, आवळणारे निरोप मात्र चालूच राहतात. मज्जातंतूही वाहिन्यांना आवळून धरतात, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात. इतकंच काय, बहुतेक धमन्यांच्या बाहेरच्या अंगाला चरबीचा एक पातळ वेढा असतो. निरोगी माणसात तो वाहिनीला सैल राहायला मदत करतो. वजन वाढल्यावर तोच वेढा जाड होतो, सुजतो आणि उलट काम करायला लागतो.

परिणाम असा की अंगभरातल्या बारीक धमन्या मूठ आवळल्यासारख्या राहतात. हृदय विसावतं तेव्हाही रक्ताला वाट अरुंदच, म्हणून तुमचा खालचा आकडा 94. आईंच्या उलट. मूठ वर्षानुवर्षं आवळलेलीच राहिली तर भिंतीतला स्नायू जाड होतो, कोलॅजेन वाढतं, आणि आज जे नुसतं आवळणं आहे ते उद्या भिंतीचं कायमचं बांधकाम होतं. त्याच्या जोडीला तुमची पाळी गेलेली. इस्ट्रोजेन त्या अस्तराची राखण करत होतं, ती राखण आता नाही. पन्नाशीनंतर बायकांच्या धमन्या भराभर ताठरतात ते यामुळेही. म्हणून वजनाकडे मी वयापासून वेगळं दुखणं म्हणून बघत नाही. आईंच्या धमन्या सत्तरीत जिथे पोचल्या, तिथे तुमच्या साठीतच जाऊ शकतात. तुमच्या वयाला या वर्षांची किंमत फार आहे.

आता ‘निघते का?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. तुटलेलं इलॅस्टिन परत येत नाही, ना आईंचं, ना तुमचं. पण अस्तराचं बिघडलेलं काम परत येतं, आणि त्यासाठी वर्षं लागत नाहीत. नेमानं चालणाऱ्या माणसांत काही आठवड्यांतच धमन्या पुन्हा नीट सैल व्हायला लागतात. याचं कारणही साधं आहे. रक्त जोरानं वाहिलं की ते अस्तराला घासत जातं, आणि तेवढ्या घासण्यानं पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. वजन एक किलो उतरलं की बीपी सरासरीनं 1 अंकाच्या आसपास उतरतं. तुमच्या 82 किलोतले पाच टक्के म्हणजे 4 किलो. 60 किलोचं स्वप्न बघून महिन्याभरात नाद सोडण्यापेक्षा मला हे चार किलो हवे आहेत. आईंच्या दुखण्यात मागे फिरायला जागा थोडी होती. तुमच्यात ती भरपूर आहे, आणि ती आत्ता आहे.

वजनाच्या काट्यापेक्षा तुमच्या गळ्यातला टेप जास्त कामाचा. पोट मोजा. परकराची नाडी बांधता तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. आपल्याकडच्या बायकांना 80 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात. पुरुषांना 90 सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस.

तोच टेप मिस्टरांच्या पोटालाही लावा. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, ही ठेवण आपल्याकडे इतकी सर्रास आहे की तिच्यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर काम केलंय. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एक फोटो शेजारी शेजारी छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणं ही हमी नाही. मिस्टरांचं बीपी आणि साखर एकदा तपासून घ्या, त्यांना पटेपर्यंत थांबू नका.

तुमच्या कामात मला सगळ्यात जास्त खटकतं ते बसणं. सणाच्या आधी तुम्ही मशीनवरून किती वेळ उठत नाही, याचा मला अंदाज आहे. तीन तास सलग बसलं तर पायांच्या धमन्यांचं सैल होणं तेवढ्यापुरतं मंदावतं, कारण रक्ताचा ओघच कमी होतो. मध्ये मध्ये उठून पाच मिनिटं चाललं तर ते टळतं. तासाला एकदा उठा. एक ब्लाऊज कापून झाला की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या, मग पुढचा धरा. याशिवाय रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगानं चाला. तुम्हाला व्हॅक्सिन डेपोचा मोकळा परिसर लांब नाही, सकाळी तिथे झाडांखाली पुष्कळ बायका चालतात. आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की महिना-महिना उघडत नाही, तेव्हा घरात चाला, जिन्याच्या पायऱ्या चढा-उतरा. पण खंड पडू देऊ नका, कारण चालणं थांबलं की अस्तराला झालेला फायदाही काही आठवड्यांत ओसरतो.

खाण्याचं फार लांबवत नाही. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, उसळ हे आपलं जेवण चांगलंच आहे. भात अर्ध्यावर आणा. कुंद्यासारखं गोड सणाला खा, पाहुणे आले म्हणून दर वेळी नको. मिठाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण सगळं आलं. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत घरात असेल तर ती आजपासून बंद.

बीपी मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा, विशेषतः तुम्ही. दंडाचा घेर टेपनं मोजा. तो 32-33 सेंटिमीटरच्या पुढे असेल तर नेहमीचा पट्टा तुम्हाला लहान पडतो आणि आकडा खोटाच जास्त दाखवतो. मोठा पट्टा मागा. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, दोनदा मोजा. गोळी सुरू झाल्यावर पाय सुजले किंवा खोकला लागला तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. स्वतःहून बंद मात्र करू नका. रात्री जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकून जाग येत असेल, तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्यानंही बीपी चढतं आणि वजन वाढलेल्या बायकांत ते बरेचदा ओळखलंच जात नाही.

आईंची गोळी पुन्हा चालू होईल तेव्हा त्यांचं बीपी बसून तर घ्याच, पण उठून उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनीही घ्यायला सांगा. ताठरलेल्या धमन्यांना पटकन सावरता येत नाही. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त पडत असेल तर चक्कर येऊन त्या पडू शकतात, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर ते निस्तरताना सगळं घर थकतं. तसं असेल तर डॉक्टर गोळीचं प्रमाण हळूहळू वाढवतील. पहाटे उठल्यावर आधी दोन मिनिटं अंथरुणावरच बसायचं, मग भिंतीला धरून उभं राहायचं, एवढं त्यांना शिकवा.

मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोघींचे आकडे तारीख घालून लिहीत चला. तीन महिन्यांनी ते मला पाठवा, पोटाचा घेरही. आणि आईंचा उभ्यानं घेतलेला आकडा लिहायचा विसरू नका.